दमलेली सायकल

ट्रायथलॉनच्या शर्यतीत समुद्रात पोहून, नव्वद किलोमीटर सायकल मारून मी सायकलीशेजारीच बसकण मारली होती. अजून एकवीस किलोमीटर पळायचं होतं आणि पाय ऐकत नव्हते. तेवढ्यात साठीच्या एका स्पर्धक काकूंनी शेजारी सायकल लावली आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून पळत सुटल्या.

"काकू, हेल्मेट!" मी ओरडलो.

त्या हसत परत आल्या. हेल्मेट हँडलला अडकवून त्यांनी सीटवरून हात फिरवला. "दमलीस गं," त्या सायकलीला म्हणाल्या, "बस तू आता."

आपला थकवा असा मायेनं दुसऱ्याला देऊन टाकता येतो, हे इतक्या सरावात मला कुणी शिकवलं नव्हतं. काकू वळणाआड दिसेनाशा झाल्या. मी माझ्या सायकलीकडे पाहिलं. तीही बिचारी दमलेली दिसत होती.

तिला म्हटलं, "बस." आणि उठलो.