निळं वावर, लाल दुकान आणि माझं पत्रक

आमच्या बापूंनी आयुष्यात दोनच माणसांवर विश्वास ठेवला: एक गावातले डॉक्टर, जे वारले, आणि दुसरे शहाद्याचे ट्रॅक्टरवाले रमणशेठ, जे दुर्दैवाने ठणठणीत आहेत.

आमचा जुना ट्रॅक्टर या उन्हाळ्यात कायमचा बसला. कापसासाठी वावर तयार करायचं होतं आणि आमच्या रनाळे गावात घरचा ट्रॅक्टर मी चालवते. (हो, मुलगी चालवते. बघवत नसेल तर डोळे मिटा!) त्या जुन्याचं स्टिअरिंग फिरवून संध्याकाळी भाकरी मोडायला हात उठत नसे. म्हणून मला हवं होतं पॉवर स्टिअरिंग. बस्स!

पण घरात दोन पक्ष. रमणशेठ पूर्वी निळे ट्रॅक्टर विकत. आता त्यांनी लाल कंपनीची एजन्सी घेतली. बापूही लगेच लाल झाले.

"कंपनी बदलनी म्हनीसन मानूस बदली जास का?" बापू.

"मन्हा वावरमा निळाच चाली!" नानाकाका. निळ्या रंगासाठी ते सख्ख्या भावाशी बोलायचे बंद झाले. जेवताना निरोप माझ्यामार्फत! "त्याले सांग, मीठ दे."

"तुम्हनं भांडण सरत नही, अन वावर तसंच पडेल शे!" आई ओरडली.

मी पेटले. ही काय गुलामगिरी? एक दुकानदाराचा गुलाम, दुसरा रंगाचा! मी पत्रक छापलं: 'शेतकऱ्यांनो, जागे व्हा! माणूस पाहू नका! रंग पाहू नका! विकणारा स्वतः जे वापरतो, तेच मागा!' शहाद्याच्या एसटी स्टँडवर दिवसभर वाटलं. संध्याकाळी त्यातच गुंडाळलेली भजी मला मिळाली. तेलकट 'जागे व्हा!' चाटत मी ठरवलं, आता थेट कृती!

दोघा भावांना घेऊन मी रमणशेठच्या दुकानात धडकले. पत्रक त्यांच्या टेबलावर आपटलं.

"शेठ, तुमच्या स्वतःच्या केळीच्या मळ्यात कुठला ट्रॅक्टर चालतो? दाखवा!"

शेठ घाम पुसू लागले. "ताई, चहा ली ल्या ना आधी..."

"चहा नको! केळी दाखवा!"

शेवटी गेलो त्यांच्या मळ्यात. शेडमध्ये ताडपत्री. मी ती खसकन ओढली. खाली निळा ट्रॅक्टर! जुनाट, चिखलाने माखलेला, पण निळा!

"फसवणूक!" मी किंचाळले. "लोकांना लाल विकता आणि स्वतः निळा?"

शेठ खाली मान घालून म्हणाले, "काय करू ताई? धंदा लाल शे, शेती निळी शे."

आता दोघे भाऊ शेठना झोडपतील म्हणून मी बाजूला झाले. तर नानाकाकांनी ट्रॅक्टरच्या बोनेटला मिठी मारलेली! आणि बापूंचे डोळे भरून आलेले!

"दख नाना, कितला खरा मानूस शे! लपाडं नही."

"ताडपत्रीखाली लपवलं होतं ना!" मी.

"दादा," नानाकाका कित्येक दिवसांनी थेट भावाशी बोलले, "हाऊच ट्रॅक्टर ली लेऊत. रंग मन्हा, शेठ तुन्हा!"

"अन पोरीनं पत्रकबी तेच सांगस," बापू कौतुकाने म्हणाले. "विकणारा स्वतः जे वापरतो, तेच मागा!"

माझीच ओळ! ठळक अक्षरात! आमच्या मेलेल्या ट्रॅक्टरपेक्षाही म्हातारा ट्रॅक्टर घरी आला. नारळ फुटला, बोनेटवर स्वस्तिक उमटलं, आई-काकू ओवाळत राहिल्या. हार घालून मला सीटवर बसवलं. दात-ओठ खात मी फोटो काढून घेतला. स्टिअरिंग? त्यापेक्षा विहिरीचा दगड हलेल!

आता तो फोटो आणि खाली माझं पत्रक रमणशेठच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलंय. त्यांच्या आवारातला प्रत्येक जुना ट्रॅक्टर म्हणे 'शेठनी स्वतः वापरेल', म्हणजे वापरलेला, आहे, आणि लोक रांग लावून नेताहेत!

परवा शेठचा फोन आला. "ताई, पत्रकं सरी गयात. आखो छापी द्या ना!"

 या लुटारूला काय सुनावू न काय नको! पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं पत्रक मागून घेत होतं.

"किती?" मी विचारलं.