साडूंनी जमवलेले गुडघे

माणूस ओळखायचा तो चेहऱ्यावरून, असं सारं जग मानतं. आमचे साडू मानत नाहीत. त्यांच्या मते चेहरा म्हणजे शुद्ध लबाडी, खरा माणूस राहतो तो गुडघ्यावर. "दुधाचे दात पडतात, आवाज फुटतो, केसांचा तर भरवसाच नाही," ते तावातावाने सांगतात, "पण लहानपणी पडल्याची गुडघ्यावरची खूण? ती शेवटपर्यंत सोबत! पोरगं तेरा-चौदाचं झालं की फुलपँटचा हट्ट का धरतं? तीच खूण लपवायला!" हे ऐकताना आपण नकळत स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवतो आणि तिथेच फसतो. बघता बघता आपली विजार वर, गुडघ्याला खोबरेल, त्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या आणि हातात चहाचा कप, अशी आपली स्थापना त्यांच्या गॅरेजमध्ये झालेली असते. प्लास्टर सुकताना चांगलं गरम होतं. आपण दचकलो की साडू आनंदाने ओरडतात, "हलू नका, बालपण उतरतंय!"

पोटापाण्यासाठी साडू बंगल्यांच्या फाटकांवरचे सिंह करतात. नाशिकच्या गंगापूर रोडला जे सिंह जरा खट्याळ, शाळा बुडवून आल्यासारखे दिसतात, ते आमच्या साडूंचे. पण मध्यंतरी त्यांनी मांडणशिल्प करायचं मनावर घेतलं. मांडणशिल्प म्हणजे, त्यांनीच मला समजावलं त्याप्रमाणे, एक पुतळा घडवण्याऐवजी अख्ख्या खोलीचंच शिल्प करून टाकायचं. खोलीभर प्लास्टरचे गुडघे टांगायचे, आणि प्रत्येक गुडघा तो फुटला त्या वयातल्या पोराच्या उंचीवर. "म्हणजे बघायला येणाऱ्या मोठ्या माणसाला वाकावं लागेल, उकिडवं बसावं लागेल! येतंय का ध्यानात, साडूभाऊ?" हे दाखवायला ते स्वतःच उकिडवे बसले. उठवायला मला हात द्यावा लागला.

मग गुडघ्यांची शोधाशोध सुरू झाली. सकाळी सकाळी फोन यायचा, "मिळाला! मिळाला!" पहिल्या खेपेला माझ्या बायकोला वाटलं, चुलतबहिणीला नवरा मिळाला, तिने साखरेचा डबासुद्धा उघडला. मिळाला होता तो नाशिकातल्याच द्वारका चौकात, सिग्नलला शेजारी थांबलेल्या अर्ध्या चड्डीतल्या एका झेंडूवाल्याचा गुडघा. हिरवा दिवा लागला, मागच्यांनी हॉर्न वाजवून आकाशपाताळ एक केलं, आणि आमचे साडू वाकून त्याला विचारतायत, "कुठं पडला होतात?" माणूस दिलदार. "हिरीच्या काठावर," तो म्हणाला. "पडलो तवा लय नाय लागलं. आईनं वरून दोन धपाटे घातले, ते लय लागले." साडूंच्या घरच्या सत्यनारायणाला त्र्यंबकेश्वरचे गुरुजी आले, तर सोवळ्यातून डोकावणारी गुडघ्यावरची खोक पाहून साडूंचं सगळं ध्यान तिकडेच. "यजमान, आधी संकल्प सोडा," गुरुजी म्हणाले, "गुडघा कुठे पळून जात नाही." प्रसादाआधी गुरुजी गॅरेजमध्ये होते. मुंजीनंतर कुंडाच्या पायरीवरून घसरले होते म्हणे, आणि सांगताना ते इतके खुलले की पुढच्या घरची पूजा तासभर लांबली.

असे नाशिकभरचे गुडघे गोळा झाले, प्रदर्शनाला हॉल मिळाला, तारीख ठरली. फक्त मधली जागा रिकामी होती. ती सईची, म्हणजे साडूंच्या अकरावीतल्या लेकीची. साऱ्या गावाने गुडघा दिला आणि पोटची पोर देईना! साडूंचं जेवणावरून लक्ष उडालं. "ती नसेल तर मी मांडणारच नाही," ते म्हणाले, आणि हा माणूस खरोखर मांडणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून रविवारी मी मध्यस्थी करायला गेलो.

"सई, दे की गं," मी म्हटलं. "लाज कसली?"

"लाज नाही काका. देण्यासारखं काही नाहीच." तिने गॅरेजमधल्या स्टुलावर बसून पायजमा वर सरकवला. "बाबा, शोध तूच."

साडूंनी चष्मा लावला. हा गुडघा पाहिला, तो पाहिला, दिवा जवळ घेतला. दोन्ही गुडघे गुळगुळीत.

"सायकल शिकवलीस तेव्हा कॅरियर सोडलंच नाहीस. झाडावर चढू दिलं नाहीस. स्केट्स आणलेस आणि माळ्यावर टाकलेस. आजही क्लासला तूच सोडतोस, मैत्रिणी हसतात मला. मी पडणार कधी?"

साडूंनी दिवा खाली ठेवला, चष्मा काढला. मला तर त्यांच्याकडे बघवेना. ते म्हणाले, "चुकलंच गं." मग खोबरेलाची बाटली उघडत म्हणाले, "असाच दे. आहे तसा." तिने पाय पुढे केला. प्लास्टर गरम झालं तेव्हा ती दचकली, पण या वेळी साडू ओरडले नाहीत. तिचा पाय धरून नुसते बसून राहिले.

उद्घाटनाला काय गर्दी लोटली! वकील, डॉक्टर, साड्या सावरत आलेल्या बायका, सगळे उकिडवे बसून एकमेकांना आपण कुठे पडलो ते सांगत होते. कोणी खळखळून हसत होतं, एक गृहस्थ तर चक्क डोळे पुसत होते. इतका आनंदी हॉल मी कधी पाहिला नाही. गुरुजी आपला गुडघा पाहून मधल्या गुडघ्याशी आले. "हा कोणाचा?" सईने हात वर केला. "आणि पडलीस कुठे बाई तू?"

"अजून पडायचीय," सई म्हणाली.

"मग लवकर उरकून घे," गुरुजी म्हणाले. "मोठेपणी फार लागतं."

सगळे हसले, साडूही हसले. थोड्या वेळाने सई आली. "बाबा, मैत्रिणीच्या सायकलवरून एक चक्कर मारून येते. एकटी." साडूंनी मान हलवली. ती हॉलच्या फाटकाबाहेर पडली तशी त्यांची दोन पावलं मागोमाग गेलीच; मग त्यांनी फाटकाचा गज धरला. ती रस्त्याच्या गर्दीत दिसेनाशी झाली. आत लोक त्यांचं नाव घेऊन शोधत होते. मी म्हटलं, "चला, सगळे वाट बघतायत."

"थांबा हो जरा," ते हळूच म्हणाले. "पडल्याचा आवाज आला का कसला?"

मी नाही म्हटलं. तरी ते बराच वेळ आत आले नाहीत.