काकांचा संशय

काल स्टुडिओत एक जुनी पेटी उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी मनानं थेट आमच्या गावी, सिरसाळ्याला पोचले.

दहा वर्षांची होते. मोठे काका वस्तीतली गायन पार्टी चालवायचे; त्यांच्या बाजाच्या पेटीला हाच वास यायचा. त्यांच्या गाण्याला मी लावलेली चाल ऐकून त्यांनी पेटी वाजवणं थांबवलं.

"कुठून उचललीस गं? रेडिओवरून?"

"न्हाई काका, माझीच हाय."

त्यांना पटेना. आदल्या दिवशी लिहिलेलं कडवं त्यांनी पुढं सरकवलं. "मग याला लाव. आत्ता."

मी तिथंच चाल लावून गायले. काका डोळे बारीक करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आन् ही कुणाची?"

मी रडतच घरी पळाले.

आज चाली बांधणं हेच माझं काम आहे. कौतुकही होतं. पण एवढी मोठी दाद पुन्हा कुणी दिली नाही.