तिसरं बोट

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात आइस्क्रीमच्या एकोणीस काड्या होत्या. चपट्या, लाकडी, एकावर एक रचून रबरानं बांधलेल्या. ती चळत पुढच्या दातांत धरून मी रोज सकाळी ओसरीवर दहा मिनिटं बसतो. धाकटा भाऊ सुरेश बावधनच्या त्याच्या घरून बोलत होता. "दादा, शैला गेली रे... झोपेतच." मी "आँ" एवढंच करू शकलो. "ऐकू येतंय का?" मी पुन्हा "आँ". लाइन खराब आहे असं समजून त्यानं फोन ठेवला आणि परत लावला. स्वतःची बायको गेल्याची बातमी त्या बिचाऱ्याला मला दोनदा सांगावी लागली, कारण काड्या काढून बोलावं हे मला सुचलंच नाही. आयुष्यात मी गाढवपणा पुष्कळ केलाय, पण या एकात तिचाही हात होता. त्या काड्या तिनंच माझ्या तोंडात घातल्या होत्या.

डॉक्टर शैला माझी भावजय. आमच्या नांदे गावातली पहिली दातांची डॉक्टर, आणि नंतरची बरीच वर्षं एकुलती एक. ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरातल्या सुना मोठ्या दिरासमोरून पदर सावरून, भिंतीच्या कडेनं जायच्या. ही सरळ समोर उभी राहिली. "दादा, दवाखान्याला जागा हवीय." मी मोठ्या मनानं गोठा दिला. मोठं मन कसलं, म्हशी विकल्यामुळं गोठा रिकामाच होता, आणि सहा महिन्यांत ही बाई गाशा गुंडाळणार याची मला खात्री होती. हलणारा दात दोरा बांधून दाराच्या कडीनं ओढायचं काम तोवर गावात माझ्याकडं होतं. एका अर्थी ती माझ्याच पोटावर पाय द्यायला आली होती.

तिची खुर्ची पुण्याहून टेंपोनं आली. बरी डांबरी रस्त्यानं येत होती, पण मी पुढं होऊन जवळची वाट म्हणून टेंपो भातखाचराच्या बांधावर घातला. रुतला. मग बैलगाडी जुंपली, आणि गावातली पहिली दातांची खुर्ची आंबेमोहोराच्या वासातून, बैलांच्या घुंगरांच्या तालावर, नवरीसारखी दारात आली. पूजा व्हायच्या आधीच मी तिच्यात बसून खालचं पायटं दाबलं. पाठ धाडकन मागं गेली, डोकं खाली, पाय आढ्याकडं. उठता येईना. शैलानं आधी नारळ फोडला, आणि मग मला सोडवलं.

पहिली पेशंट आमची आई. चुलीवर तंबाखू भाजून तिची मिश्री करायची आणि दिवसातून चार वेळा दातांवर घासत बसायचं, हा आईचा एकमेव षौक. आता सासू-सून जुंपणार म्हणून मी मुद्दाम दाराशी रेंगाळलो. पण शैला म्हणाली, "आत्या, लावा की मिश्री. फक्त दर अमावस्येला गाल आतनं मला दाखवायचा."

"गालात काय सोनं ठिवलंय व्हय गं मी?"

"सोनं न्हाई, पण चोर शिरला तर मला आधी कळाया हवं."

आईनं वर्षभर इमानानं गाल दाखवला. नंतर एक दिवस मिश्रीचा डबा चुलीत टाकला. "रोज लावायचं, आन हिला तोंड दाखवायचं. लई कटकट!" पुढं अमावस्येला गोठ्यापुढं बायकांची रांग लागायला लागली. माळावर मेंढरं घेऊन येणाऱ्या ठकूबाईनं तर शैलाची परीक्षाच घेतली. "मी मेंढराचं दात बघून वय सांगती. तू माजं सांग."

"दात म्हणतात साठ, तोंड म्हणतं चाळीस."

ठकूबाई खदखदून हसली, आणि तेवढ्यात शैलानं मागची किडलेली दाढ हेरली.

तिचं सगळं असंच, बोलता बोलता. "रात्री ब्रश करा. सकाळी करता तो लोकांसाठी, रात्रीचा तुमच्यासाठी." "ब्रश मऊ घ्या, तुम्ही कढई घासत नाही." "दुखायची वाट बघू नका, दुखतं तेव्हा दात निम्मा गेलेला असतो." लग्नात, बारशात, एसटीच्या थांब्यावर ती माणसाला उभी, एकावर एक तीन बोटं तोंडात घालायला लावायची. तीन गेली तर तोंड नीट उघडतंय, ठीक. नाही गेली तर "उद्या दवाखान्यात या." पुढं शेतांवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, आयटीतली पोरंपोरी यायला लागली. "मॅडम, दर्द नहीं है, सिर्फ चेकअप," असं म्हणणारा पहिला मुलगा आला त्या दिवशी तिनं त्याला चहा पाजला आणि मला मुद्दाम बोलावून दाखवला. "दादा, बघा. न दुखता आलाय!"

या सगळ्या काळात तिच्या डोळ्यांदेखत एक माणूस मावा खात होता. तो मी. सुपारी, तंबाखू, चुना, टपरीवर चोळून दिलेली पुडी, दिवसाला पाच. तिनं तीन बोटं म्हटलं की मी बोटं हळूच तिरकी घालायचो. तिखट झोंबायला लागलं तेव्हा बायकोच्या मिरच्यांना शिव्या घातल्या. मग चुलत पुतण्याच्या लग्नाची पंगत बसली. मी बुंदीचा अख्खा लाडू एका घासात टाकणारा म्हणून गावात प्रसिद्ध. त्या दिवशी मी तो मोडून चार घासांत खाल्ला. कुणाचं लक्ष नव्हतं. समोरच्या रांगेतून शैला वाढायचं थांबवून माझ्याकडं बघत होती.

"दादा, लाडू मोडून खाताय?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच खुर्चीत. बोटं तिनं स्वतः धरून उभी केली. दोन गेली, तिसरं दारातच अडलं. गाल आतून पांढरा पडून दोरीसारखा ताठ झाला होता. तिनं एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी वहीत मृत्युपत्र लिहिलं. त्यात नांगरसुद्धा वाटून टाकला. रिपोर्ट आला. "कॅन्सर नाही," ती म्हणाली, "अजून." मी देव्हाऱ्याकडं हात करून शपथ घ्यायला लागलो, तर तिनं हात खाली केला.

"शपथ नको, दादा. शपथा घेतलेली निम्मी माणसं परत याच खुर्चीत येतात. तोंड खोटं बोलत नाही, तेवढं दाखवत जा."

तेव्हापासून तोंड ताणायला काड्या. सुरुवात तेराची. दर पंधरवड्याला ती तोंड बघायची आणि उघडलं असेल तर एक काडी वाढवून द्यायची. पहिले दोन महिने मी विहिरीमागं लपून मावा खात होतो. तिनं फक्त काडी दिली नाही. पन्नाशीचा बाप्या, आइस्क्रीमची काडी मिळाली नाही म्हणून तोंड पाडून घरी जातोय! शेवटी त्या चौदाव्या काडीसाठी मी मावा सोडला. पुढची प्रत्येक काडी मी आधी घरभर दाखवली, मग तोंडात घातली. आईला मात्र काड्यांमागचं कारण कळलं नाही. दिरानं सांगू नको म्हटलं होतं, भावजयीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दहाव्याला आम्ही मुळा नदीच्या काठावर होतो. माणसं मावत नव्हती. मेंढरं पोराबाळांवर सोडून ठकूबाई आली होती, बिल्डिंगांतली मंडळी चपला हातात घेऊन चिखलात उभी होती. बाजूला बसलेल्या एका जुन्या सोबत्यानं, मला सावरावं म्हणून, पुडी पुढं केली. "घे, जरा बरं वाटंल." आणि मी घेतली. इतक्या वर्षांनी हातानं काही विचारलंच नाही. तळहातावर मावा धरून मी मनाशी ठरवलं, कावळा अडून बसेल, लोक एकेक वचन देतील, मग मी म्हणेन, शैला, हा बघ टाकला. पण सुरेशनं पिंड ठेवला आणि मागं सरकायच्या आत कावळा आला, शिवला, गेला. बाईला माझं वचन नकोच होतं.

मावा तसाच हातात राहिला. मग मी दुसऱ्या हाताची तीन बोटं तोंडात घातली. उभी. दोन गेली... तिसरं घासत, पण गेलं. सोबती म्हणाला, "काय करतुयास रं?" सांगितलं. त्यानं तोंड उघडलं, बोटं घातली. त्याची दोनच गेली. "उद्या दवाखान्यात ये," मी म्हणालो. माझ्या तोंडून तिचं वाक्य निघालं, ते मला नंतर कळलं.

पुडी नदीत टाकली नाही, ते तिला चाललं नसतं. येताना गोठ्यात... दवाखान्यात गेलो. आता तिथं तिच्या हाताखाली शिकलेली डॉक्टर मुलगी बसते, खुर्ची नवी आहे. जुनी कोपऱ्यात आहे. पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जुनीत बसलो, पायटं दाबलं. पाठ धाडकन मागं गेली, डोकं खाली, पाय आढ्याकडं. उठता येईना. मी हाक मारली नाही. तसाच पडून राहिलो, आणि सवयीनं तोंड उघडलं.