हाकोदातेत वाटलेले पेढे

माझे बाबा पोस्टातून निवृत्त झालेले, जन्मभर युनियनवाले आणि कट्टर नास्तिक. १९१७ साली रशियातला झार मार्चातच गेला होता. पण बाबांचा सण सात नोव्हेंबरचा, कामगारांचं राज्य आलं त्या दिवसाचा. दिवाळीत आकाशकंदील नसला तरी चालेल, त्या दिवशी पेढे हवेतच! क्रांतीची शंभरी आली तेव्हा ते नेमके माझ्याकडे जपानला, त्सुकुबात होते. "मुक्ते, रशिया इथून किती लांब गं?" व्हिसाचं काही जमण्यासारखं नव्हतं. म्हटलं, हाकोदातेला जाऊ. उत्तरेचं बंदर आहे, टेकडीवर रशियन चर्च आहे. बाबांनी पुण्याहून आणलेले कंदी पेढे लगेच बॅगेत टाकले.

टोकियोच्या उएनो स्टेशनहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, चार-साडेचार तास लागतात. सगळ्या सीटा आरक्षित, तेव्हा तिकीट आधीच काढा. पर्यटकांना रेल्वे पास मिळतो. माझ्यासारख्या इथे राहणाऱ्यांनी खिसा सांभाळावा. सेंदाईला बाबा खिडकीला नाक लावून बसले. "त्सुनामी इथंच ना?" समुद्र दिसत नव्हता, नुसती कापणी झालेली भातशेतं. मग समुद्राखालचा तो न संपणारा बोगदा. बाहेर आलो तर भुरभुर बर्फ! बाबा अर्धवट झोपेत पुटपुटले, "आला वाटतं रशिया." मी "हो" म्हटलं. मलाही तसंच वाटत होतं.

हाकोदातेत ट्रामने मोतोमाचीजवळ उतरा; पुढे चढावर गुडघे बोलायला लागतात. धुक्यात चर्चचं हिरवं छत तरंगत होतं, घंटा वाजत होत्या. बाबा कितीतरी वेळ उभेच. "नास्तिकाला घंटा आवडू नये असा काही नियम नाही," म्हणाले.

आमचं गेस्टहाउस ओगावासान नावाच्या सत्तरीच्या बाईंचं. बोलणं, वाकणं सगळं जपानी, डोळे मात्र निळसर. बूट काढल्या काढल्या बाबांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "सांग त्यांना, आज क्रांतीची शंभरी!" मीही उत्साहाने जपानीत सांगून टाकलं.

बाई थबकल्या. मग हळूच म्हणाल्या, त्यांची आजी त्याच क्रांतीतून पळून इथे आली, चौदा वर्षांची असताना. आजीचे वडील झारच्या पोस्टात कारकून होते. त्यांना घरातून नेलं, ते परत आलेच नाहीत.

अगं आई गं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभराचा बाबांचा सण, तो मी कोणत्या तोंडाने नासवू? काहीतरी गोड बनवून सांगणार होते, पण बाबांनी माझा चेहरा ओळखला. "मुक्ते, त्या म्हणाल्या तेच सांग."

सांगितलं.

"पोस्टात?" बाबांनी एवढंच विचारलं.

बाईंनी बॉक्स उचलला. वाटलं, परत देतायत. पण जपानी घरात भेट आलेली मिठाई आधी घरातल्या वारलेल्या माणसांपुढे ठेवतात. त्यांनी कोनाड्यातल्या आजीच्या फोटोपुढे बॉक्स ठेवला, छोटी घंटी वाजवली, हात जोडले. मग आम्हाला एकेक पेढा दिला. "आजीला गोड फार आवडायचं." बाबांनी पेढा बराच वेळ हातात धरला आणि मग खाल्ला.

परतीच्या गाडीत, त्याच बोगद्यात ते म्हणाले, "क्रांती चूक नव्हती." बोगदा संपताना म्हणाले, "पण कारकून होता गं तो."

हाकोदातेला जा, बर्फ पडायच्या सुमारास जा. मला तिथलं धुकं अजून आठवतं. त्याहून जास्त आठवतो पुढच्या वर्षीचा सात नोव्हेंबर. पुण्याहून व्हिडिओ कॉल आला, आईने फोन टेबलाकडे वळवला. देवापुढे कधी साखरेचा दाणा न ठेवलेल्या बाबांनी एका वाटीत एकच पेढा बाजूला काढून ठेवला होता.

"बाकीचे वाटायचेत," बाबा म्हणाले. "आधी आपल्या पोस्टातल्या माणसाला."