जाळ्याच्या दोऱ्याची गाठ

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. दोनदा सांगायला गेले—तोंड उघडलं, आणि भलतंच काही बोलून परत आले. तुम्हाला सांगते. तुम्ही इंदूला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील तलावावर मासे धरतात. आरमोरीला आम्ही पाच पोरी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. माझ्या पिशवीला सुक्या मासोळीचा वास यायचा, म्हणून पहिले काही महिने बाकीच्या नाक धरून हसायच्या. मग चिमूरकडून इंदू आली. जाडजूड, जिना चढतानाच धापा टाकणारी. सगळ्या तिला हसायला लागल्या. मीही. "हळू बस वं इंदे, खाटेलेही जीव आहे!"—हे वाक्य माझंच.

तरी ती मलाच मैत्रीण मानायची. का? अजून कळलेलं नाही.

तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. तिने रात्रीचा भात अर्धा केला, पहाटे मैदानावर पळायला लागली. वजनकाटा कुठे होता आमच्याकडे? मीच म्हटलं, दोऱ्याने मोजू. जाळं विणायचा माझा दोरा तिच्या कमरेभोवती गुंडाळला आणि टोक जिथे येऊन भिडलं तिथे गाठ मारली. दर रविवारी मोजायचं. गाठ टोकाच्या जेवढी पुढे जाईल, तेवढी कंबर उतरली. दोरा माझ्या पेटीत.

महिन्याभरात गाठ दोन बोटं पुढे गेली. इंदू खोलीभर नाचली. "आता मले कोणी ढोली म्हणून दाखवा!" आणि मला भीती वाटली. ही बारीक झाली, तर पुन्हा हसतील कोणाला?

शनिवारी खोलीत कोणी नव्हतं. मी पेटी उघडली. जाळ्याची गाठ सोडून दुसरीकडे बांधणं आमच्याकडच्या लहान पोरींनाही येतं. मागमूस राहत नाही. मी गाठ टोकाकडे आत सरकवली. रविवारी ती बरोबर टोकावर आली. मग दर शनिवारी मी ती पुन्हा सरकवत गेले. पुढच्या रविवारीही टोकावरच. त्याच्या पुढच्याही.

"सलवार तं ढिली लागते वं," ती म्हणाली.

"धुऊन धुऊन होते."

"तू सायन्सवाली न? सांग बरं, चरबी जाते तरी कुठी? माही तं या खोलीतून त्या खोलीत बिऱ्हाड बदलून राह्यली!" सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्याने तीच.

मला उत्तर माहीत होतं. त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं—अंगात जळलेली चरबी बहुतेक श्वासावाटे हवेत जाते, उरलेली पाणी होऊन. हळू जाते, पण जाते. मी म्हटलं, "एखादीची जातच नाई वं. हाडातच असते."

मग तिने सकाळचा भातही सोडला. तिच्या वाट्याचा भात मी खाल्ला—आता खोटं कशाला बोलू?

भरतीच्या दिवशी शेवटच्या फेरीत ती चक्कर येऊन पडली. आम्ही तिला उचललं, तेव्हा हाताला वजनच लागलं नाही. डोळे उघडल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "तू म्हटलंच होतं. मीच आयकलं नाई."

ती गावी गेली, कॉलेजात परत आली नाही. जाताना तो दोरा मागून घेतला, माझी आठवण म्हणून. मी दिला.

हिवाळ्यात ती पळायची तेव्हा मी मैदानाच्या कडेला शाल पांघरून बसायचे. प्रत्येक फेरीला तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघायची. तीच चरबी होती, निघून चाललेली. मी रोज बघत होते.