ऐकलं तर सुतक

२४ ऑगस्ट २०२५ रोजी नागोजीराव जगतापांच्या खात्यात चौदा हजार चारशे रुपये जमा झाले. सहा माणसं, माणशी चोवीसशे. त्यात तीन दिवस राहणं, दोन वेळचं जेवण आणि ज्येष्ठा गौरींचा सण घरातला होऊन पाहणं, असं सगळं ठरलं होतं. पैसे पाठवणारी मुग्धा मूळची नागपूरची, कोरमंगलातल्या पीजीत राहणारी. सुट्टी मिळाली की चार मित्र जमवायचे, साध्या डब्याने किंवा सरकारी बसने कुठला तरी सण गाठायचा आणि हॉटेलऐवजी कुणाच्या तरी घरात उतरायचं, हा तिचा नेम होता. गौरींसाठी तिने शहराच्या दुसऱ्या टोकाचं, येलहंक्यातलं नागोजीरावांचं घर शोधून काढलं होतं.

आलेल्या पैशांतलं चार दिवसांत काही उरलं नाही. न्हाणीघरात गिझर बसला, दाराला नवी कडी लागली, भाड्याच्या गाद्या आल्या, वाणसामान भरलं. पीण्या भागातल्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर उभं राहून नागोजीरावांना मिळणारी पेन्शन महिन्याला दोन हजारांच्या आत होती. ‘सण तर आपण करतोच, चार माणसं बघून गेली तर काय बिघडलं?’ ही कल्पना त्यांच्या पत्नीची, सोयराबाईंची.

पण गौरी खरं तर नागोजीरावांच्या नव्हत्या. पितळेचे ते दोन मुखवटे थोरल्या भावाकडचे, परसोजीरावांकडचे. परसोजीराव चिंतामणी गावी राहायचे, बसने दोन-अडीच तासांवर. त्यांची बायको वारली तेव्हा त्यांनी मुखवटे पंच्यात बांधून स्वतः येलहंक्याला आणले आणि म्हणाले, “नागू, माझ्या घरात आता करणारं कुणी नाही. तुझ्याकडे नांदू देत.” तेव्हापासून दरवर्षी ते जेवणाच्या दिवशी यायचे, पहिल्या पंगतीला बसायचे. यंदा मूत्रपिंडांनी हात टेकले होते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या यशोवर्धनचा फोन आला; काकाला तो कन्नड वळणाने चिक्कप्पा म्हणायचा. “चिक्कप्पा, अप्पांना घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.”

याचा अर्थ न कळण्याइतके नागोजीराव लहान नव्हते. मंगळवारी गौरी उठल्या की बुधवारी जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

रविवारी सकाळी गौरी आणायची तयारी चालू असतानाच फोन वाजला. पडद्यावर यशोवर्धनचं नाव होतं. सोयराबाई ओल्या हातांनी आल्या आणि त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं.

“उचलू नका.”

“अगं, यशूचा आहे.”

“कुणाचा ते दिसतंय मला. कशासाठी तेही कळतंय. ऐकलं तर सुतक. नाही ऐकलं तर नाही.”

हे काही त्यांच्या पदरचं नव्हतं. लांब राहणारं कुळातलं माणूस गेलं, तर बातमी कानावर पडते तेव्हापासून सुतक धरायचं, हा रिवाज दोघांनीही लहानपणापासून पाहिला होता. सुतक लागलं की देवाला हात लावायचा नाही; गौरी बसायच्या नाहीत, नैवेद्य नाही, पंगत नाही. म्हणूनच सणाच्या तोंडावर वाईट बातमी पोचवणारा माणूसही उंबऱ्याबाहेर थांबायचा, आणि शहाणा असेल तर सण पार पडेपर्यंत यायचाच नाही.

“आणि अण्णा गेला नसेल तर?” नागोजीरावांनी विचारलं.

“नसेल गेला तर दोन दिवस थांबेल.” फोन वाजतच होता. “पोरं बसमध्ये बसलीत. परत कुठून देणार त्यांचे पैसे? गिझर काढून विकणार?”

फोन वाजायचा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. नागोजीरावांनी तो बंद केला. सोयराबाईंनी आपलाही बंद केला आणि दोन्ही फोन तूरडाळीच्या डब्यावर ठेवून फळीचा पडदा ओढला.

पाहुणे दुपारच्या आत आले. पाठीवरच्या पिशव्या ओसरीत टाकून पुण्याचा वेदांत म्हणाला, “काकू, गौरीसोबत आमचंही औक्षण होणार की त्याचे एक्स्ट्रा?”

“तुझं औक्षण लाटण्याने करते, ये,” सोयराबाई म्हणाल्या. सगळे हसले. नागोजीरावही हसले, आणि आपण हसलो हे त्यांना खुपलं.

दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं उमटली. सोयराबाई मुखवटा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरल्या. प्रत्येक उंबऱ्यावर कुणीतरी विचारायचं, “गौर आली, काय घेऊन आली?” आणि त्या सांगायच्या, धान्य, सोनं, लेकरंबाळं. मुग्धा पुढे सरसावून विचारू लागली. “आमच्याकडे यांना महालक्ष्म्या म्हणतात,” ती म्हणाली, “पण घर सोडल्यापासून मी बघितल्याच नव्हत्या.” तिचे डोळे भरले होते. नागोजीराव थाळी वाजवत होते. थाळीच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, याचं त्यांना बरं वाटलं.

तिसऱ्या प्रहरी शेजारच्या रत्नाबाई फाटकाशी आल्या. त्या परसोजीरावांच्या चुलत मेहुणी; चिंतामणीला त्यांचं जाणं-येणं होतं.

“सोयरा, चिंतामणीहून फोन आलता मला...”

“अक्का!” सोयराबाईंनी हात वर केला. “घरात गौरी बसल्यात. काही बोलू नका.”

रत्नाबाईंनी तोंड मिटलं. रिवाज त्यांनाही ठाऊक होता. त्यांनी सोयराबाईंच्या खांद्यावरून नागोजीरावांकडे पाहिलं. नागोजीराव केळीचे खांब बांधत होते. त्यांनी मान वळवली नाही.

“पण ऐक तरी, तसं नाहीये...”

“नको म्हणते ना, अक्का.”

“सरी, बरं. मी काही बोलले नाही बाई. तुमचं तुम्ही बघा.” त्या निघून गेल्या.

‘तसं नाहीये’ हे शब्द नागोजीरावांनी ऐकले होते. कसं नाहीये, हे विचारायला फाटकापर्यंत जाणंही पुरलं असतं. ते सुतळीला गाठ मारत राहिले. एक मारली, ती पुरेशी होती, तरी आणखी एक मारली.

सोमवारी सोळा भाज्या, कटाची आमटी आणि होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, झाल्या. पाहुण्यांनी फोटो काढले, पोटभर जेवले. पहिल्या पंगतीतल्या भिंतीकडच्या पाटावर यंदा वेदांत बसला. नागोजीरावांच्या ताटातली होळिगे तशीच राहिली.

“काका, तुमचा फोन बंद लागतोय,” हात धुता धुता मुग्धा म्हणाली. “बिघडलाय का? कुणाला करायचा असेल तर माझ्यावरून करा. अनलिमिटेड आहे.”

तिने फोन त्यांच्या हातात दिला. परसोजीरावांचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. परसात तुळशीपाशी जाऊन त्यांनी एकेक आकडा दाबला. दहावा आकडा दाबून झाला आणि हिरव्या खुणेवर अंगठा थांबला. अण्णा जिवंत असेल तर तो बोलेल, किंवा त्याचा श्वास तरी ऐकू येईल. नसेल तर यशू बोलेल, आणि मग आत मांडलेलं सगळं त्या क्षणी विटाळेल. सहा पोरांना काय सांगायचं, त्यांचे पैसे कुठून द्यायचे? माजघराच्या दारात सोयराबाई येऊन उभ्या राहिल्या. हातात खरकटी ताटं होती आणि चेहरा दमलेला होता.

नागोजीरावांनी आकडे पुसले.

“लागला नाही का?” मुग्धाने विचारलं.

“राहू दे, बाळ. उद्या करतो.”

मंगळवारी दहीभाताचा नैवेद्य झाला, मुखवटे जागचे हलवले. निघताना मुग्धा दोघांच्या पाया पडली. “इतके सण पाहिले काका, पण एवढं खरंखुरं घर पहिल्यांदा मिळालं.” पोरं कोपऱ्यावर वळेपर्यंत नागोजीराव फाटकात उभे होते. मग ते आत गेले, फळीचा पडदा सारला आणि फोन सुरू केला. अडीच वाजले होते.

निरोप एकामागून एक येत गेले. रविवार सकाळ: ‘चिक्कप्पा, अप्पा शुद्धीवर आहेत. तुम्हाला बोलावतात.’ रविवार दुपार: ‘रत्नक्कांना सांगितलंय. या.’ सोमवार: ‘स्वल्प लवकर या. तुमचंच नाव घेतात.’ मंगळवार: ‘अप्पा पहाटे गेले. एक वाजेपर्यंत तुमची वाट बघतो.’

सोयराबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. “मला वाटलं...” एवढंच त्या म्हणाल्या. नागोजीरावांनी चपला घातल्या.

चिंतामणीला पोचले तेव्हा दिवे लागले होते. अंगणात यशोवर्धन डोकं भादरून बसला होता. त्याने वर पाहिलं, उठला नाही.

“या चिक्कप्पा. आता ऐकायला मोकळे ना? की अजून गौरी आहेत घरात?”

नागोजीराव पायरीवर बसले. यशोवर्धनची बायको रक्षिता हिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

“दोन दिवस दाराकडेच बघत होते,” ती म्हणाली. “बस थांबली की विचारायचे, नागू आला का.”

“काही सांगायचं होतं का त्याला?”

“नाही. भेटायचं होतं, एवढंच.”

नागोजीरावांनी तांब्या बाजूला सरकवला आणि विचारलं की लाकडांचा, भटजींचा आणि गाडीचा खर्च किती झाला. त्यांच्या भावकीत हा खर्च भाऊ निम्मा उचलतो.

“साडेसहा हजार,” यशोवर्धन म्हणाला. “पण राहू दे. पैसे पोचले म्हणून सांगायला फोन करावा लागेल, आणि तुम्ही तो उचलत नाही.”

सुतक मंगळवारपासूनचं धरलं. दहाव्याला आणि तेराव्याला नागोजीराव एकटेच जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांनी पाकीट पुढे केलं आणि दोन्ही वेळा यशोवर्धनने ते हातात घेतलं नाही. नागोजीरावांच्या वाट्याचे तीन हजार दोनशे पन्नास रुपये अजून द्यायचे आहेत.